पलीकडचा टॉवर

रात्रपाळी. तार्तू, चौथा मजला.
हेडफोनचा स्पंज फाटलाय, कानाला टोचतो.
पहिलाच कॉल सेतोमाहून, तळ्याकाठच्या शेवटच्या घरातून.
नास्तो, वय एक्क्याऐंशी.
शेजारच्या रिहोच्या भिंतीवरच्या जुन्या फोनवरून बोलतेय,
स्वतःचा मोबाईल दुसऱ्या हातात.

"माझा फोन रशियाला गेलाय," ती म्हणते.
"मी गेलेले नाही. मी बटाटे सोलत होते."

पडद्यावर काय दिसतंय?
"स्वागत आहे, म्हणतो. आणि खाली, सेवा मर्यादित.
आमच्यात पाहुण्याला असं कुणी सांगत नाही."

समोरच्या यादीतला पहिला प्रश्न मला विचारावाच लागतो,
कॉल रेकॉर्ड होतो.
"आपण सध्या प्रवासात आहात का?"
"हो. कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत."

मग आमचे नेहमीचे उपाय.
विमानाचं चित्र दाबा, दहा मोजा, परत दाबा.
ती मोजते, अंडी मोजावीत तसं, एकेक हाताळून.
सातावर रिहोचं कुत्रं भुंकतं,
ती पुन्हा एकपासून सुरू करते.
दोन काड्या आल्या.
नाव कुणाचं?
"त्यांचंच."

सिम काढा, पुसा, घाला.
सिम काढायला तिनं कानातल्या चांदीच्या डुलाची तार वापरली.
एक काडी.
नाव त्यांचंच.

मी समजावते:
तळं गोठलंय, मध्ये झाड नाही, टेकडी नाही,
त्यांचा टॉवर उंच, आपला पाइनच्या रानामागे.
"कळलं," ती म्हणते. "वासरू आहे ते.
ज्याची बादली वाजेल त्याच्या दारात."
इतकी वर्षं मी हे समजावते आहे,
इतक्या थोडक्यात मला कधी जमलं नाही.

सेटिंग. नेटवर्क. 'आपोआप' बंद करा.
आता नावं येतील, आपलं निवडा.

तिकडे शांतता.
कुणीतरी चुलीत लाकूड सारलं बहुतेक.

"आणि ते दुसरं दाबलं तर?"
"बिल येईल, आजी. फार येईल."
"इग्नात तिकडे आहे. माझा भाऊ."
"त्यांना फोन लावायचाय?"
"नाही गं. तो मातीत आहे, एकोणीस वर्षं.
ऑगस्टात आम्ही त्याच्यावर चादर पसरून जेवायचो.
अंडी, दह्याचं चीज, एक घोट त्याच्या वाटणीचा.
आता व्हिसा. रांग. माझे गुडघे.
आणि हा मेला डबा,
मला न विचारता, चपला न घालता,
उठला आणि जाऊन आला."

माझ्या पडद्यावर तक्रारीचे अकरा प्रकार आहेत.
मी वर जाते, खाली येते, परत वर.

"दाबलं," ती म्हणते. "आपलंच दाबलं. चार काड्या.
आता एवढं सांग,
त्याला पुन्हा पाठवायचं झालं तर?"

कॉल रेकॉर्ड होतो.
मी सांगितलं, सावकाश, यादीतलाच उपाय वाचावा तसं:
डेटा बंद ठेवा.
कुणाला फोन लावू नका, आला तर उचलू नका.
मग 'आपोआप' चालू करा
आणि पूर्वेच्या खिडकीत ठेवा.
स्वागताला पैसे पडत नाहीत.

"चांदीचा मोठा सोळ घातला तर अडेल का गं त्याला?"
नाही अडणार, म्हटलं. घाला.
खरं तर मला ठाऊक नव्हतं.

'समस्या सुटली' वर टिचकी मारली
आणि पुढचा कॉल घेतला,
पार्नूचा एक माणूस, तुर्कस्तानात, संतापलेला.

ऑगस्टात, एकोणीस तारखेला, जेवणाच्या सुट्टीत
मी तिचा नंबर उघडून पाहिला. असं पाहू नये आम्ही.
परदेशी नेटवर्क: दुपारी बारा ते दोन.
कॉल शून्य. डेटा शून्य.
देय रक्कम शून्य.

डब्यात उकडलेलं अंडं होतं.
मी ते जरा वेळ तसंच ठेवलं.